ऑफिसची गाडी, सागरी रस्ता आणि तीन जंगलजेट्या

रोज सकाळी कोथरूड ते हिंजवडी, संध्याकाळी परत, वाकडच्या पुलाखालचं ट्रॅफिक, पहिला-दुसरा गिअर आणि सतत क्लच. आठवड्याचे पाच दिवस माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन बाईक एवढंच करते. २०२१ ची, ४११ सीसीची आहे. घेताना घरचे म्हणाले की १९९ किलोचं धूड सिटीत कशाला, ऑफिसला स्कूटर घे आणि फिरायला जाताना बाईक भाड्याने घे. पण मला दोन गाड्या नकोच होत्या. जी रोज चालवतो तिचा आवाज ओळखीचा होतो, क्लच कुठे पकडतो, मागचा ब्रेक किती दाबायचा ते हातापायाला पाठ होतं, आणि अनोळखी रस्त्यावर अंधार पडायला लागला की हेच कामाला येतं.

डिसेंबरात तीन दिवस सुट्टी जुळली. सॅडलबॅगा बांधल्या, मागच्या टायरात हवा जरा वाढवली आणि सहाला चांदणी चौक सोडला. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं, ताम्हिणीत बोटं गारठली. घाटात पुढे एसटी, ओव्हरटेकला जागा नाही, तरी तिसऱ्या गिअरवर गाडी न कुरकुरता निवांत मागे मागे येत राहिली. ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, ४००० ते ४५०० आरपीएमलाच मिळतो ना, त्यामुळे पिळायची गरज नाही. वाकडला ज्या गुणामुळे डोकं शांत राहतं तोच गुण घाटात उपयोगी पडतो.

माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला दर्शन घेतलं आणि बागमांडल्याला पोचले. सावित्रीची खाडी इथून फेरीबोटीने ओलांडायची, पलीकडे वेशवी. खाली दाभोळकडे तर फेरीबोटीला जंगलजेटीच म्हणतात. मला सगळ्यात धास्ती होती ती बोटीच्या रॅम्पची. लोखंडी, ओला, वर शेवाळाची चिकट साय, आणि गाडीवर सामान. पुढचं २१ इंची चाक चढलं, मागचं जरासं सरकलं आणि माझा हात ब्रेककडे गेला तेवढ्यात बोटीवरचा माणूस ओरडला, "ताई, ब्रेक नको! येऊ द्या तशीच!" हाफ क्लचवर, दोन्ही पाय टेकवत वर घेतली. सीट ८०० मिलिमीटरच आहे, माझ्यासारख्या पाच फूट तीन इंचवाल्यांचे पाय टेकतात. मग त्यानेच शिकवलं, साइड स्टँड लावायचा आणि गाडी गिअरात ठेवायची, म्हणजे बोट हलली तरी चाक फिरत नाही.

वेशवीनंतर केळशी, आंजर्ले, हर्णै. एका बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं आणि मधे एक जीप जेमतेम मावेल एवढा रस्ता, वळणावर हॉर्न दिल्याशिवाय जायचंच नाही. हा टप्पा मी चाळीसच्या वर गेलेच नाही, जावंसं वाटलंही नाही. एके ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, नुसती लाल माती आणि खडी, तिथे मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद केला आणि पायपेगवर उभं राहून काढली.

दाभोळला वाशिष्ठी ओलांडून धोपावे, म्हणजे चिपळूणचा भलामोठा वळसा वाचतो. गुहागरात मुक्काम. रात्री अंगणात डबल स्टँडवर लावून चेन बघितली तर खारी वाळू आणि ल्यूब मिळून काळा लगदा झालेला. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले, चाक हाताने फिरवत एकेक कडी घासली. घरवाले काका बॅटरी धरून उभे होते. म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हो, तेल लावल्याशिवाय झोपू नका." लावलं. सकाळी त्यांनी घावन-चटणी दिल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेदवीला बामणघळीत पाणी उसळताना बघत तास गेला. मग तवसाळहून तिसरी बोट, शास्त्री नदीच्या मुखावरून जयगड. या वेळी रॅम्पवर ब्रेककडे हात गेला नाही. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा चढ आला आणि वरून खालचे दोन्ही किनारे एकदम दिसले तशी गाडी बंद करून कठड्यावर बसले. इंजिन गार होताना टिक टिक वाजत होतं. सूर्य पार बुडाला तेव्हा उठले.

परतीला रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर. हायवेला ही काही १२० मारायची गाडी नाही, २४ बीएचपीचं सिंगल सिलिंडर आहे, ८०-८५ ला मस्त सुरात लागते आणि तिथेच ठेवावी. साताऱ्यापर्यंत पाठ दुखली नाही. खंबाटकीच्या बोगद्यातून निघाले तेव्हा सात वाजले होते. एकूण पावणेआठशे किलोमीटर, मायलेज ३१ च्या आसपास, १५ लिटरच्या टाकीत वाटेत फक्त दोनदा पेट्रोल.

सोमवारी साडेआठला वाकडच्या पुलाखाली नेहमीच्या जागी अडकले. सॅडलबॅगा काढल्या होत्या, मडगार्डखालची लाल माती मात्र तशीच होती.