तुम्ही विचारलंत म्हणून: गॉर्गोन्झोलात गॉर्गोन्झोला कुठे बनतं?

मिलानच्या मेट्रोची हिरवी लाइन पूर्वेला शहराबाहेर पडली की चेर्नुस्को, कास्सिना दे पेक्की, बुस्सेरो, व्हिल्ला पोम्पेआ अशी स्टेशनं लागतात आणि मग पाटी दिसते: गॉर्गोन्झोला. निळ्या बुरशीच्या प्रसिद्ध इटालियन चीजला ज्याचं नाव आहे, तेच हे गाव. पाटीजवळ फोटो काढून झाला की प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो. फोनवरचे नातेवाईकही तोच विचारतात. "ते चीज बनतं ती डेअरी कुठे आहे? बघता येईल ना?"

पूर्वी मी "इथे बनत नाही" एवढंच सांगून विषय संपवायचे. ते उत्तर चुकीचं नाही. बाजारातलं बहुतेक गॉर्गोन्झोला पिएमॉन्त प्रांतातून, त्यातही नोव्हारा भागातून येतं. उत्पादकांचा संघ १९७० पासून नोव्हारालाच आहे. नोव्हारा मिलानच्या पश्चिमेला, हे गाव पूर्वेला, मध्ये अख्खं महानगर. गावात सकाळी माणसं मेट्रो पकडतात आणि संध्याकाळी परततात, चीजच्या ढेपा लावत नाहीत. पण एवढंच सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे नाव नुसतंच?" हे "नुसतंच" मला सहन होत नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

आपले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसे आल्प्सच्या दऱ्यांतले गवळी शरद ऋतूत गाई घेऊन मैदानात उतरायचे. त्यांना बेर्गामिनी म्हणत. चालून दमलेल्या गाईसाठी लोंबार्दीच्या, म्हणजे मिलानच्या प्रांताच्या, बोलीत शब्द आहे 'स्त्राक'. त्या दुधाचं मऊ चीज ते स्त्राक्कीनो, आणि गॉर्गोन्झोला त्याचाच एक प्रकार. गायी इथेच का थांबायच्या? पाण्यामुळे. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४५७ साली मार्तेझाना कालव्याला मंजुरी दिली. त्रेत्सोजवळ अद्दा नदीचं पाणी उचलून तो ३८ किलोमीटर मिलानकडे जातो आणि या गावाच्या मधून वाहतो. कालव्यांचं आणि झऱ्यांचं पाणी हिवाळाभर कुरणांवर पातळ थराने सोडून ठेवायचे. वाहतं पाणी असल्याने जमीन गोठत नाही, फेब्रुवारीतच पहिलं गवत कापता येतं. अशा कुरणांना मार्चिते म्हणतात. चारा होता म्हणून गायी थांबल्या, आणि एवढं दूध कच्चं विकून संपणार नव्हतं म्हणून चीज झालं.

इटालियन लेखक मान्झोनीच्या कादंबरीतला नायक रेन्झो मिलानहून पळताना याच गावच्या खानावळीत शिरतो आणि अद्दा किती लांब आहे ते विचारतो. त्याला स्त्राक्कीनो मात्र मिळतं ते गाव येण्याआधी, वाटेवरच्या एका म्हातारीकडे. मला हे फार खरं वाटतं. ते चीज एका गावाचं नव्हतंच, ते त्या वाटेचं होतं.

आता कृती, कारण तिच्याबद्दलही सगळ्यांचा एक ठाम गैरसमज आहे. गाईचं पाश्चराइज्ड दूध, साधारण शंभर लिटरमागे बारा किलोची एक ढेप. २८ ते ३६ अंशांवर विरजणाचे जिवाणू, पेनिसिलियम बुरशीचे बीजाणू आणि वासराचं रेनेट (दूध धरवणारं विकर) घालतात. दूध धरलं की कापून साच्यात भरतात आणि दाब न देता निवळी गळू देतात. इथे दाबलं तर आत पोकळ्या उरत नाहीत आणि ढेप शेवटपर्यंत पांढरी राहते. मग कोरडं मीठ चोळून उबदार खोलीत ठेवतात, कामगार त्या खोलीला 'पुर्गातोरिओ', म्हणजे स्वर्गाआधीचा शुद्धीलोक, म्हणतात. त्यानंतर थंड, दमट कोठी. चौथ्या आठवड्याच्या सुमारास जाड सुया टोचतात, आधी एका बाजूने, काही दिवसांनी दुसऱ्या बाजूने. सुईने बुरशी आत सोडत नाहीत! बुरशी पहिल्या दिवसापासून दुधातच असते, सुई फक्त हवा आत नेते. हवा मिळेल तिथेच ती निळी-हिरवी होते. गोडसर 'दोल्चे' किमान ५० दिवस मुरतं, तिखट 'पिक्कांते' मध्यम ढेपेत किमान ८०. पूर्वी सुयांवर एवढी भिस्त नव्हती. संध्याकाळचं धरलेलं दूध रात्रभर उघडं टांगायचे, सकाळच्या गरम थरांमध्ये ते थंड थर घालायचे. दोघे नीट चिकटत नसत, त्या फटींत हवेतली बुरशी शिरायची. चव उत्तम असे, पण कुठली ढेप साधेल आणि कुठली सडेल याचा भरवसा नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच धारेच्या दुधाची पद्धत आली आणि चीज कारखान्याचं झालं.

पण मला खरी खुपणारी गोष्ट वेगळीच आहे, ती न्यायालयातली. एक जर्मन कंपनी 'कॅम्बोझोला' नावाचं मऊ, निळ्या बुरशीचं चीज विकते. ऑस्ट्रियात ते विकलं जाऊ नये आणि तिथला ट्रेडमार्क रद्द व्हावा म्हणून गॉर्गोन्झोला संघ व्हिएन्नात कोर्टात गेला. तिथून प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे आला. ४ मार्च १९९९ ला निकाल लागला. दिसायला सारखं मऊ चीज, नावाचा शेवट सारखा, कानाला सारखं, तेव्हा ग्राहकाच्या मनात मूळ चीज उभं राहतं, आणि वेष्टनावर खरा देश छापल्याने यात फरक पडत नाही, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल वाचून मला आनंद झाला होता. आपल्या गावाचं नाव सुरक्षित राहिलं, असं वाटलं. मग पुन्हा वाचला. नाव ऐकल्यावर मनात काय उभं राहतं? चीज. गाव नाही, कालवा नाही, कुरणं नाहीत. ज्या नावाचं रक्षण झालं ते नोव्हाराच्या संघाच्या मालाचं. आणि शेवटी, ट्रेडमार्क सद्भावनेने आधीच नोंदला होता का आणि पुढे वापरू द्यायचा का, हे ठरवणं त्या देशाच्या कोर्टावर सोडलं. कॅम्बोझोला आजही दुकानात मिळतं.

तेव्हाची मी म्हणते, कायदा नसता तर हे नाव केव्हाच कुणीही वापरलं असतं. आताची मी म्हणते, चीजच्या नावांबद्दलच्या १९५१ च्या स्त्रेझा करारापासून नाव जपलं, कुरणं मात्र घरांखाली गेली. दोघींचं पटत नाही. नियमांनुसार मिलान परिसरात गॉर्गोन्झोला बनवायला आजही परवानगी आहे, हे आठवलं की पहिलीला जोर येतो. मग दुसरी विचारते, गायी कुठे बांधणार?

तरी याच. कालव्याकाठी सायकलवाट आहे, मिलानपासून थेट त्रेत्सोपर्यंत. चीज घेताना फॉइलवर उठावाचं 'जी' अक्षर बघा, त्याच फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, साल काढून टाका. सप्टेंबरात आलात तर गावची जत्रा असते, चीजच्याच नावाची, आणि मेट्रो भरून माणसं येतात.