रुफिजीच्या काठचं रान

टांझानियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो गाठतात. आम्ही दक्षिणेची वाट धरली. दार-ए-सलामहून किबितीपर्यंत चांगला रस्ता, पुढे म्लोका गावापर्यंत धूळ आणि खड्डे, आणि गाव संपलं की न्येरेरे राष्ट्रीय उद्यानाचं म्तेमेरे गेट. छोट्या विमानानेही येता येतं. पण मी म्हणेन गाडीनेच या, कारण वाटेत गावं लागतात आणि या रानाची गोष्ट त्या गावांपासूनच सुरू होते.

उद्यान ३०,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास दहावा हिस्सा. २०१९ साली जुन्या सेलूस अभयारण्यातून ते वेगळं काढलं आणि त्याला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे यांचं नाव दिलं.

इथलं खरं वैभव रुफिजी नदी. जीपइतकीच इथे होडीतून भटकंती होते. काठाला ताडाची झाडं उभी, आपल्या पालघर-डहाणूकडच्या ताडाची सख्खी भावंडंच. कित्येकांचे शेंडे गळून नुसते खांब उरलेत आणि त्यांवर मत्स्यगरुड बसलेले. कोसळत्या दरडींत वेड्या राघूंची बिळंच बिळं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि समोर पाणघोड्यांचा कळप एकेक करून पाण्याबाहेर डोळे काढू लागला. वाळूवर मगरी जबडा उघडून पडलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रानकुत्र्यांची टोळी दिसली, अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग असलेली. आफ्रिकेत ती फार थोड्या ठिकाणी उरली आहेत आणि त्यातला मोठा आसरा हाच. पिल्लांना आधी खाऊ देऊन मोठी कुत्री बाजूला थांबली होती. सिंह पाहूनही मला एवढा आनंद झाला नाही.

उद्यानातल्या बेहो बेहो या जागेजवळ झाडीत एक साधी कबर आहे. फ्रेडरिक सेलूस हा नामांकित इंग्रज शिकारी पहिल्या महायुद्धात वयाच्या पासष्टाव्या वर्षी जर्मनांशी लढताना ४ जानेवारी १९१७ रोजी इथेच गोळी लागून पडला. १९२२ साली अभयारण्याला त्याचंच नाव मिळालं. प्रवासी तिथे थांबतात, फोटो काढतात. आम्हीही थांबलो.

पण आमचा वाटाड्या खुलून बोलला तो किंजिकिटिले न्ग्वालेबद्दल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली जर्मन राजवट लोकांकडून सक्तीने कापूस पिकवून घेत होती. रुफिजीच्या दक्षिणेला न्गारांबे गावच्या या माणसाने मंतरलेलं पाणी वाटलं. ते घेतलं की जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल, असा लोकांचा विश्वास. त्यातून १९०५ साली माजी-माजीचा (स्वाहिलीत ‘माजी’ म्हणजे पाणी) उठाव पेटला आणि अनेक जमाती एकत्र उठल्या. किंजिकिटिलेला उठावाच्या सुरुवातीलाच फाशी दिलं. पुढे जर्मनांनी उभी पिकं आणि धान्याची कोठारं जाळली. भुकेने माणसं मेली. बळींचे अंदाज दोन ते तीन लाखांपर्यंत जातात. मुलूखच्या मुलूख ओस पडले, शेतांवर झाडी चढली, हत्ती आले. नंतर १९४० च्या दशकात इंग्रजांनी त्सेत्से माश्यांनी पसरणाऱ्या निद्रारोगाचं कारण देऊन लिवाले भागातली गावंही हलवली. आज आपण ज्याला अस्पर्श अरण्य म्हणून हौसेने पाहायला जातो, त्यातल्या कितीतरी भागात कोणाची तरी चूल पेटत होती. हे कळल्यावर मला ते रान वेगळंच दिसू लागलं.

हत्तींचंही दुःख आहे. १९७६ साली इथल्या परिसरात एक लाखाहून जास्त हत्ती होते. हस्तिदंतासाठी इतकी कत्तल झाली की २०१३ च्या मोजणीत जेमतेम तेरा हजार सापडले. २०१४ साली युनेस्कोने या वारसास्थळाला धोक्यातल्या यादीत टाकलं. आम्हाला दिसलेल्या कळपात लहान पिल्लं बरीच होती, त्याचं फार बरं वाटलं. वर नदीच्या घळीत २,११५ मेगावॅटचं धरण उभं राहिलं आहे. वीज हवी हे मान्य, पण खालच्या तळ्यांना पुराचं पाणी पूर्वीसारखं मिळेल का, ही काळजी माझ्या मनातून जात नाही.

जायचं तर जून ते ऑक्टोबरमध्ये जा. एप्रिल-मेच्या पावसात मुक्कामाचे बरेच तळ बंद असतात. निळे-काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माश्या त्यांवर हमखास येतात आणि कडकडून चावतात. आणि सेलूसच्या कबरीपाशी उभे असाल तेव्हा वाटाड्याला न्गारांबेबद्दल जरूर विचारा.