दोन जगांच्या मधला काळोख

मी रचलेले आभासी जग दाखवणारा हेडसेट उतरवल्यावर सोलापुरातले बहुतेक प्रेक्षक मला एकच प्रश्न विचारतात: यंत्रमागाच्या कारखान्यातून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नेताना मध्येच डोळ्यांपुढे अंधार कशासाठी करता, सरळ उडवत का नेत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो, कारण आभासी जग रचताना माझा सर्वाधिक वेळ त्या काही सेकंदांवरच जातो.

उडवत नेण्याला पहिली हरकत तुमच्या कानाची आहे. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय वेगातला बदल टिपते. तुम्ही जागेवर स्थिर उभे असताना डोळे मात्र झेप घेतल्याचे सांगू लागले, की दोघांचा मेळ बसत नाही, आणि पुष्कळांना घाम फुटतो, मळमळते. म्हणून शरीर हलले नसेल तर नजरही हलवायची नाही, हा नियम मी पाळतो. चित्र काळे होत जाते आणि पुन्हा उजळते तेव्हा तुम्ही दुसरीकडे असता. मधला प्रवास डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो.

दुसरी अडचण यंत्राची. हेडसेटला सेकंदाला 72 किंवा 90 वेळा, तेही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे, चित्र काढावे लागते. 90 च्या गतीने एका वेळेला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. नव्या जगाच्या भिंती, माणसे आणि आवाज मेमरीत आणताना हा क्रम अडखळला, तर मान वळते पण दृश्य वळत नाही, आणि डोक्याला बांधलेल्या पडद्यावर ते असह्य होते. काळोखात काढण्यासारखे फारसे नसल्याने नवे जग मागच्या मागे भरता येते. दार उघडून पलीकडचे जग दाखवणे मला मनापासून आवडते, परंतु दार उघडे असेपर्यंत दोन्ही जगे एकाच वेळी काढावी लागतात, आणि मेटा क्वेस्टसारख्या मोबाइलच्या धर्तीवरील चिपच्या हेडसेटवर ते लहान खोल्यांपुरतेच परवडते.

मात्र हा काळोख रिकामा ठेवणे मला मान्य नाही. मेल स्लेटर या संशोधकाने 2009 मध्ये ‘मी इथे आहे’ असे वाटणे आणि ‘इथले घडणे खरे आहे’ असे वाटणे यांत फरक केला. रिकाम्या अंधारात यातले पहिले तुटते, आणि नव्या जगात ते पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागते. म्हणून कारखान्यात तुम्ही उचललेला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन, तुम्ही स्वतः पेटीत ठेवल्याशिवाय काळोख सुरूच होत नाही, आणि पेटीतला तो धोटा व तुमचे हात काळोखातही दिसत राहतात. कुणालाही त्याच्या इच्छेविना दुसऱ्या जगात ढकलू नये, असे मला वाटते. मग मागांचा खडखडाट तुमच्या पाठीमागे विरत जातो आणि समोरून, जिथे पुढे यात्रेतला तलाव दिसणार असतो नेमक्या त्याच दिशेने, यात्रेकरूंचा ‘हर्र बोला हर्र’चा गजर जवळ येतो. कानाला दिशा आधी कळल्यामुळे उजेड होताना बहुतेकांचे तोंड मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांकडेच असते, आणि त्यांना बाण दाखवून वळवावे लागत नाही.

उजेडाचीही घाई करून चालत नाही. कारखाना अंधारलेला, तर यात्रेत जानेवारीच्या उन्हात सात नंदीध्वज आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी. एवढे पांढरे रंग डोळ्यांच्या इतक्या जवळून एकदम समोर आले तर बाहुल्यांना आकसायला अवधी मिळत नाही आणि माणूस डोळे मिटून घेतो. त्यामुळे आधी तलावाचे पाणी, मग पायाखालची जमीन, पहिल्या जगात होती त्याच उंचीवर, आणि शेवटी माणसे, या क्रमाने मी प्रकाश वाढवतो.

तरीही ज्यांना उडतच जायचे आहे त्यांच्यासाठी मेनूत तो पर्याय ठेवला आहे. वेग एकसारखा राहतो, आणि उडताना दृश्याच्या कडा झाकोळतात, कारण गतीचा भास नजरेच्या कडांना अधिक तीव्रतेने होतो. पहिल्यांदाच हेडसेट घालणाऱ्यांनी मात्र काळोखाचाच मार्ग घ्यावा, असा माझा आग्रह आहे.