घरची कुंडीमाती: सगळा वेळ खातं ते कोकोपीट

गच्चीवर टोमॅटो-मिरची लावायची, माती घरीच सेंद्रिय कालवायची म्हटलं की लोक गांडूळखत कुठून आणलं आणि निंबोळी पेंड किती घातली यावर तासभर बोलतात. त्यात फारसं काही नाही. मोजायचं, कालवायचं, झाकून ठेवायचं. अडतं ते कोकोपीटपाशी, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, जो दाबून विटेसारखा विकतात, आणि नेमकं त्याबद्दल कुणी धड सांगत नाही. फार तर ‘वीट भिजवा आणि वापरा’ एवढंच.

प्रमाण आधी सांगून टाकतो. कोकोपीट ४ भाग, पूर्ण मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, लाल माती २ भाग, भाताचं तूस १ भाग. माप कुठलंही घ्या, घमेलं असो की जुना डबा, पण चारही गोष्टींना तेच. तयार मिश्रणाच्या दर १० लिटरमागे निंबोळी पेंड ५० ग्रॅम, हाडांचा चुरा ३० ग्रॅम, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) १० ते २० ग्रॅम. बारा बाय बारा इंचांच्या ग्रो बॅगेत काठोकाठ साधारण २२ लिटर माती मावते, त्यावरून हिशोब करा. टोमॅटोला याहून लहान बॅग नको.

आता कोकोपीट. नारळाचं सोडण बऱ्याच ठिकाणी खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात. मुळात सोडणातच पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर, त्यात खाडीचं सोडियम भर घालतं. ५ किलोची वीट फुगून ६०-७० लिटर होते आणि हे सगळं मीठ तिच्यात असतं. पाकिटावर ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी), ‘वॉश्ड’ (धुतलेलं) असं ठळक छापलेलं असतं. त्या लेबलावर विश्वास ठेवणं मी सोडून दिलं आहे. एकाच दुकानातून, एकाच छापाच्या दोन विटा घेतल्या तर एक ठीक निघते आणि दुसरी खारट. दुकानदाराला विचारलं तर ‘सगळे हेच नेतात’ हे उत्तर तयार.

म्हणून तपासायचं घरीच. पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दाखवणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. फुगलेलं, ओलं कोकोपीट एक वाटी हलकं दाबून भरा, त्यात दीड वाटी आरओचं पाणी घाला, अर्धा तास ठेवा, फडक्यातून गाळा आणि त्या पाण्यात मीटर बुडवा. आरओच्या पाण्याचा स्वतःचा आकडा वजा करा. २५० पीपीएमच्या आत आलं तर उत्तम. ५०० च्या वर असेल तर ते रोपांना घालू नका, पानांच्या कडा करपतात आणि आपण बसतो खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालत.

धुण्याची पद्धत अशी. कांद्याच्या जाळीदार गोणीत जुनी सुती साडी अस्तरासारखी घाला, त्यात फुगलेलं कोकोपीट भरा, टबात पाणी घेऊन गोणी बुडवा, चांगली हलवा, तासभर ठेवून उचला आणि निथळू द्या. दर वेळी नवं पाणी. ‘पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो आणि तो चुकीचा आहे. तपकिरी रंग सोडणातल्या टॅनिन या द्रव्याचा असतो, मिठाला रंगच नसतो. पाणी चहासारखं दिसत असलं तरी मीठ निघून गेलेलं असू शकतं, आणि पाणी नितळ दिसलं तरी आत मीठ असू शकतं. मीटर सांगेल तेच खरं. बोअरच्या पाण्याचा मूळ आकडाच ६००-७०० असेल तर त्यात कितीही धुवा, धुण्याच्या पाण्याचा आकडा त्याखाली येणार नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते याच कामाला ठेवा.

इतकं करूनही काम अर्धंच होतं. सुटं मीठ पाण्याबरोबर जातं, पण कोकोपीटच्या कणांना धरून बसलेलं पोटॅशियम आणि सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. पुढे कुंडीत ते कण ती जागा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला देतात, म्हणजे रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम कोकोपीटच खातं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून सडायला लागतं त्यामागे पाण्याच्या अनियमित पाळ्या असतात तसं हेही असतं. उपाय जिप्सम. २० लिटर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम, कारण याहून फारसं विरघळतच नाही, जास्त घातलं तर तळाशी बसतं. धुतलेलं कोकोपीट त्यात रात्रभर ठेवा, निथळा, नवं पाणी करून पुन्हा एकदा, मग साध्या पाण्याने शेवटची धुणी. जिप्समच्या पाण्यातून काढल्याबरोबर मीटर लावू नका, आकडा हजाराच्या आसपास दिसेल आणि घाबराल. तो जिप्समचाच असतो. शेवटच्या धुणीनंतर मोजा. दोनदा भिजवूनही सगळं सुटत नाहीच, म्हणून वर मिश्रणात पुन्हा जिप्सम सांगितलं आहे.

खायचा चुना वापरा असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. त्याने सामू (पीएच) चढतो, लोह अडकतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. जिप्समने सामूला धक्का लागत नाही. राखेचंही चुन्यासारखंच, शिवाय तिच्यात पोटॅशियम, जे आधीच उतू जातंय.

धुण्याचं पाणी दुसऱ्या कुंड्यांना घालायचं नाही. गच्चीच्या पन्हाळीला मात्र बारीक जाळी लावा, नाहीतर तंतू अडकून पाणी तुंबतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो.

बाकीचं थोडक्यात. काळी माती फुकट मिळाली तरी घेऊ नका, कुंडीत ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळून कडा सोडते, पाणी कडेने सरळ खाली. शेणखत पसरून हाताने चाळा, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी हुमणी अळी दिसली की वेचून काढा, एक अळीसुद्धा रोपाची मुळं साफ करते. तूस अर्धवट जळलेलं, काळं मिळालं तर जास्त टिकतं, पांढरी राख झालेलं मात्र नको. शेंगदाणा पेंडीने मुंग्या आणि घुशी येतात, निंबोळीचीच बरी.

कालवताना पाणी शिंपडत जा. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, आणि बोटांमधून पाणी गळू नये. मग गोणपाटाखाली सावलीत पंधरा-वीस दिवस. पेंडीमुळे मिश्रण तापतं, वर पांढरी बुरशी येते, तिला घाबरायचं कारण नाही. अमोनियाचा वास येत असेल तर उलथापालथ करून आणखी आठवडाभर थांबा. मेच्या सुरुवातीला धुवायला घेतलं तर जूनच्या रोपांना माती तयार मिळते. पावसात कोकोपीट वाळत नाही, आणि गोणी निथळायला टांगायला जागाही उरत नाही.