मनीच्या तापाचं औषध

आमच्या प्राथमिक शाळेची संगणक लॅब मी सांभाळते. मुलांच्या सर्चची व्यवस्था मी स्वतः लावली आहे आणि ती चोख आहे, हे छातीठोकपणे सांगते. एकेका संगणकावर सेफसर्च, म्हणजे अश्लील आणि रक्तपाताचे निकाल गाळणारी सोय, चालू करून भागत नाही. चौथीतली पोरंसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतात. म्हणून लॅबच्या डीएनएसमध्येच, म्हणजे साइटचं नाव टाकल्यावर कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेत, गूगलचा पत्ता फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉमकडे आणि बिंगचा स्ट्रिक्ट डॉट बिंग डॉट कॉमकडे वळवला; तिथे सेफसर्च मुलांना बंद करता येत नाही. दुसरी-तिसरीला किडल हे मुलांसाठीचं सर्च इंजिन देते. ते गूगलचंच आहे असं बरेच शिक्षक समजतात. तसं नाही; ते गूगलच्या सर्चवर चालतं एवढंच, आणि वरचे पहिले काही निकाल खास मुलांसाठी लिहिलेल्या साइटचे असतात.

त्या दिवशी चौथीचा तास, विषय ग्रहमाला. एक मुलगी वहीत भलतंच उतरवून घेत होती: किलोमागे इतके मिलिग्रॅम, दिवसातून इतक्या वेळा. स्क्रीनवर लहान मुलांच्या तापाचं पान होतं, पॅरासिटामॉलच्या डोसचं. पान स्वच्छ, माहितीही बरोबर.

"कुणाला बरं नाही गं?"

"मनीला. कालपासून काही खात नाही. बाई, ती बाळाएवढीच आहे, म्हणून बाळाचं बघितलं."

काळजात धस्स झालं. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही. त्यातून होणारं विष रक्तातल्या लाल पेशीच निकामी करतं. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. तिला हे समजावलं, तास चालू असतानाच घरी फोन केला. दुपारी मनीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

स्टाफरूममध्ये मात्र एकच सूर: औषधांची नावंच ब्लॉक करून टाका. मला ते अजिबात पटत नाही. फिल्टर पान तपासतो, अश्लील आहे का, रक्तपात आहे का. ते वाचून मूल घरी जाऊन काय करणार, हे त्याला कुठून कळणार? सर्च अडला असता तर वहीत काहीच उतरलं नसतं, मी तिच्याजवळ थांबले नसते आणि औषधाचा डबा तर घरात होताच.

लॅबच्या तासाला दुसरा शिक्षक द्या, अशी मागणी मी लेखी केली आहे. एकटीने सगळ्या स्क्रीन वाचून होत नाहीत.