हात दाखवून अवलक्षण

परवा दुपारी टाउन हॉल होता, म्हणजे अख्ख्या कंपनीची ऑनलाइन मीटिंग, तीन महिन्यांनी एकदा असते ती. सगळ्यात वरचे साहेब स्लाइडमागून स्लाइड पुढे ढकलत होते आणि चौदाव्या का पंधराव्या स्लाइडवर म्हणाले, "शेवटी आपण सगळे एक कुटुंब आहोत." आता आमच्या टीममधले सातपैकी दोघं गेल्याच महिन्यात घरी गेले, स्वतःहून नव्हे, आणि त्यांचं काम आम्हा उरलेल्या पाच जणांच्या गळ्यात पडलंय, नवीन माणसं कधी येणार विचारलं तर उत्तर येतं 'बघू'. माझा कर्सर आपोआप प्रश्न विचारायला हात वर करायच्या त्या पिवळ्या हाताच्या चित्रावर जाऊन बसला.

दाबलं नाही. नुसता ठेवला.

वाक्य तयारच होतं. "सर, कुटुंबात नोटीस पिरियड किती दिवसांचा असतो?" बास, एवढंच. मग मी त्यावर पॉलिशिंग सुरू केलं. 'सर' आधी की शेवटी? आधी घातलं तर लाचार वाटतं, शेवटी घातलं तर टोमणा जास्त लागतो, आणि गाळलं तर सरळ भांडण. आवाजात हसू किती ठेवायचं. विचारून झाल्यावर लगेच म्यूट व्हायचं की साहेबांची पंचाईत ऐकत तसंच थांबायचं. तिकडे आमच्या चौघांच्या वेगळ्या ग्रुपवर धो धो मेसेज चाललेले, "विचार ना", "तू विचार", "तू सीनियर आहेस", "म्हणूनच नको". मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला आमच्याकडे कायम बाहेरचा माणूस हवा असतो. त्या ग्रुपवर मात्र दिवसातून दोनदा सत्तापालट होतो.

शेवटी "एनी क्वेश्चन्स?" आलं. ती चार-पाच सेकंदं तुम्हाला माहितीयेत. एवढ्या लोकांची शांतता हेडफोनमधून ऐकू येते. आणि मग कुणीतरी अनम्यूट झालं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि प्रश्न आला, "स्लाइड्स शेअर होतील का?" हा माणूस प्रत्येक टाउन हॉलला असतो. मला तर आताशा वाटतं त्याला नेमलेलाच असावा.

पाचवीत बाईंनी फळ्यावर एक मोठं गणित सोडवलं होतं आणि मध्येच एका पायरीला सात आठे चोपन्न लिहिलं. मी वहीत छप्पन्न लिहिलं. शेजारी डोकावलो, तिकडे चोपन्न. पुढच्या बाकावर चोपन्न. मी खोडरबर काढला आणि छप्पन्न खोडून चोपन्न केलं, इतकं घासून की कागदाला भोक पडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला आणि पाढा म्हणतात त्याच सुरात म्हणाला, "बाई, सात आठे छप्पन्न." बाईंनी फळ्याकडे बघितलं, तळहातानेच आकडा पुसला, नीट लिहिला आणि म्हणाल्या, "बस खाली." ना शाबासकी, ना ओरडा. मी मात्र तो अख्खा तास जळत बसलो होतो की हे तर मलाही येत होतं!

नंतर कधीतरी सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा रेघांचा प्रयोग वाचनात आला, दिलेल्या रेघेएवढी रेघ कुठली ते ओळखायचं. खोलीतले बाकी सगळे ठरवून धडधडीत चुकीचं उत्तर देतात आणि बिचाऱ्या खऱ्या पाहुण्याने काय करायचं ते बघायचं. चारातले साधारण तीन जण एकदा तरी त्या खोट्याला मान डोलावून गेले. पण खोलीत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला की मान डोलावणं एकदम कमी व्हायचं. थोडक्यात काय, तो मागच्या बाकावरचा.

पण मागच्या बाकावरचे असूनही भागत नाही कधीकधी. 27 जानेवारी 1986 च्या रात्रीचा तो कॉल. नासाचं चॅलेंजर अंतराळयान दुसऱ्या दिवशी उडणार होतं, थंडी भयंकर, आणि रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की 53 फॅरनहाइटच्या (साधारण 12 सेल्सिअस) खाली उडवू नका, रबरी सील धरणार नाहीत. नासाला ते पटेना. मग कंपनीने पाच मिनिटं मागितली, लाइन म्यूट केली आणि अर्धा तास आपसात बोलत बसले. त्या अर्ध्या तासात त्यांच्यातला रॉजर बॉइजोली आधीच्या उड्डाणांत सीलमधून निसटलेल्या काजळीचे फोटो घेऊन साहेबांसमोर गेला, दुसऱ्या इंजिनिअरने कागदावर सीलचं चित्र काढून दाखवलं, आणि समोरचे ऐकत नाहीयेत हे कळल्यावर दोघं थांबले. मग एका साहेबाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. लाइन परत सुरू झाली, उडवायला हरकत नाही असं कळवलं गेलं, आणि पलीकडून विचारलं गेलं की कुणाला अजून काही म्हणायचंय का. कुणीच बोललं नाही. सकाळी उडाल्यावर 73 सेकंदांत यान फुटलं आणि आतली सात माणसं गेली.

मला यात राहून राहून ते फोटोच दिसतात. बॉइजोलीकडे टोमणा नव्हता हो, काजळीचे फोटो होते. माझ्याकडे काय होतं, एक झकास वाक्य, आणि खरं सांगायचं तर ते साहेबांसाठी नव्हतंच, ते त्या ग्रुपवर तीन हसणारे चेहरे यावेत म्हणून होतं. दोन माणसं परत मिळावीत हा मुद्दा त्यात कुठे होता? (वाक्य मात्र झकासच होतं, ते मी अजूनही मानतो.)

तर मी रात्री बसून मेल लिहिला. पाच जण, सात जणांचं काम, कुठलं काम किती दिवस मागे पडलंय ते ओळीने. कोटी वगैरे काही नाही, कुटुंबाचा उल्लेखही नाही. आज तिसरा दिवस, मेल ड्राफ्टमध्येच पडलाय. सुरुवातीला 'डिअर सर' घालायचं की नुसतं नाव, तिथे अडलंय.