शेजारची मोकळी जागा

रविवार, रात्री

आईला घेऊन सकाळच्या गाडीने नागोयाहून इसेला, जपानच्या मोठ्या शिंतो तीर्थाला गेले. रीतीप्रमाणे आधी गेकू म्हणजे बाहेरचं देऊळ, तोयोउके या अन्नदेवतेचं ठाणं. इथे रोज दोन वेळा देवांना नैवेद्य दाखवतात आणि त्याचा अग्नी लाकडावर लाकूड घुसळून काढतात. हे सांगितल्यावर आई थबकलीच. "म्हणजे आपलं अरणीमंथन गं!"

मग नाइकू, म्हणजे आतलं देऊळ. उजी पूल ओलांडला की इसुझू नदीच्या दगडी पायऱ्या. आईने साडीचा घोळ सावरत ओंजळीत पाणी घेतलं आणि सवयीने डोक्यावर शिंपडलं. पाणी बर्फासारखं होतं.

सूर्यदेवी अमातेरासुचं देऊळ आत कुंपणाआड. पायऱ्यांपुढे फोटो काढायचा नाही. दारात पांढरा पडदा. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. वाऱ्याने पडदा हलला तेव्हा शेजारचे आजोबा डोळे मिटून उभे होते, आणि माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं.

पण मनात राहिली ती देवळाला लागून असलेली मोकळी जागा. नुसती गोटे पसरलेली, मधोमध एक खोपटं. दर वीस वर्षांनी तिथे हुबेहूब नवं देऊळ उभं राहतं, देवी रात्री तिकडे जाते आणि जुनं उतरवतात. इ.स. ६९० पासून असं बासष्ट वेळा झालं. मधे लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, तरी पुन्हा धरलं. विशीत हाताखाली शिकलेला सुतार चाळिशीत स्वतः काम करतो, साठीत दुसऱ्याला दाखवतो. मला वाटतं, इथे जपायची वस्तू लाकूड नाहीच, हात आहेत. देवळाला लागणारी हिनोकीची (जपानी सायप्रसची) झाडंसुद्धा दोनशे वर्षांपुढचा हिशेब धरून लावलेली.

उतरवलेलं लाकूड वाया जात नाही. पुलाच्या आतल्या टोकाची तोरी, म्हणजे लाकडी कमान, नाइकूच्या जुन्या खांबांची आहे, १९९३ ते २०१३ देवळाचा कणा पेललेल्या. माझा जन्मही १९९३ चाच. परतताना आईला हे सांगितलं.

पुढचं देऊळ २०३३ ला. तेव्हा आई एक्क्याऐंशीची असेल. तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही. ती खांबाला तळहात लावून उभी राहिली, मागून माणसं येत होती, तरी कितीतरी वेळ.